जुन्या गाडीचे शॉकअप, बुश आणि लोअर आर्म घरी बदलताना

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळे काढलेली किंवा चोर्ला घाटातून गोव्याला सतत ये-जा करणारी गाडी दहा-बारा वर्षांत खालून खिळखिळी होते. मालक शॉकअप बदलून घेतो, थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा टक-टक सुरू होते. याचं कारण बहुतेक वेळा शॉकअपमध्ये नसतं. जुन्या गाडीत आवाज करतं, गाडी एका बाजूला ओढतं आणि टायर खातं ते झिजलेलं रबर: लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, स्टॅबिलायझर बारचे (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या सळीचे) बुश, स्ट्रटच्या (स्प्रिंग बसवलेल्या पुढच्या शॉकअपच्या) डोक्यावरचं माउंटिंग. नवं रबर घालूनही त्याचा बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना पिळला, तर ते रबर लवकरच फाटतं. गॅरेजमध्ये घाईच्या कामात नेमकी हीच गोष्ट राहून जाते. घरी वेळ असतो, म्हणून ती घरी नीट करता येते.

खालची रीत मारुतीच्या जुन्या अल्टो (२००० ते २०१२) आणि पहिल्या पिढीच्या वॅगन आरला धरून दिली आहे. बेळगाव-चिकोडीच्या केए-२२ आणि केए-२३ पाटीच्या या गाड्या अजून गावोगाव चालू आहेत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे कॉइल स्प्रिंगवर बसलेला सरळ अॅक्सल. ८०० आणि झेनचा पुढचा भागही बराचसा असाच. ओम्नीला मागे पाटे (एकावर एक ठेवलेल्या पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत, त्याचं वेगळं सांगितलं आहे.

आधी नेमकं काय गेलंय ते शोधा

सामान आणण्याआधी अर्धा तास गाडीभोवती घालवा. सपाट जागेवर एकेका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दोन-तीन वेळा दाबा आणि सोडा. शॉकअप चांगला असेल तर गाडी एकदा वर येऊन बसते. डोलत राहिली तर शॉकअप गेला. मात्र डोलली नाही म्हणून शॉकअप ठीक आहे असं समजू नका, जाम झालेला शॉकअपही डोलू देत नाही. खाली वाकून त्याचं अंग बघा. नुसता ओलसरपणा आणि त्यावर धूळ, एवढ्याने घाबरायचं कारण नाही. तेलाचा ओघळ आणि त्यावर लाल मातीचा जाड थर बसलेला असेल तर सील फुटलेलं आहे. टायरवर हात फिरवा. थोड्या थोड्या अंतराने खोलगट भाग लागले तर चाक रस्त्यावर नाचतंय.

आता एकाला गाडी उभी असतानाच स्टेअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगा आणि पुढच्या स्प्रिंगला बाहेरून बोटं टेकवा. वेटोळ्यांच्या मध्ये बोट घालू नका. स्प्रिंग अडखळून ‘टण्ण’ करत सुटत असेल तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलंय. नवा शॉकअप घालून हा आवाज जात नाही.

पुढचं चाक उचलून, घोडी (जॅक स्टँड) लावून, चाकाला वर आणि खाली धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यातला गोल सांधा). डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉड एंडकडे (स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याकडे) बघा. लोअर आर्मच्या बुशजवळ टॉमी (उचकायची लोखंडी पहार) लावून हळू उचका. रबराला आडव्या भेगा असतील किंवा आतली नळी रबरापासून सुटलेली असेल तर बुश संपला.

या मारुतींमध्ये एक खास गोष्ट आहे. स्टॅबिलायझर बारचं टोक लोअर आर्ममधून आरपार जातं आणि चाकाला पुढे-मागे धरून ठेवण्याचं काम हाच बार करतो. त्यामुळे त्याचे बुश गेले की ब्रेक दाबताना चाक मागे सरकतं, ‘ठक’ असा एकच आवाज येतो आणि स्टेअरिंग किंचित ओढतं. बरेच जण यासाठी ब्रेक पॅड बदलून बसतात.

शेवटी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून कागदावर लिहा. हा कागद जपून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे. डाव्या-उजव्यात एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसली, म्हणजे थकून दबली आहे. मग नुसते शॉकअप घालून गाडी सरळ उभी राहणार नाही.

सामान

पुढच्यासाठी दोन स्ट्रट (डावा-उजवा वेगळा असतो, मागताना सांगा), बेअरिंगसकट दोन माउंटिंग, दोन बंप स्टॉपर, दोन धूळ-रबर, बॉल जॉइंट बसवलेले दोन लोअर आर्म, स्टॅबिलायझर बुशचा पूर्ण सेट. मागच्यासाठी दोन शॉकअप, त्यांचे बुश आणि वायसर (वॉशर). जिथे लॉक नट आहेत तिथे नवेच घ्या. नायलॉनची कडी असलेला नट एकदा उघडला की पहिल्यासारखा धरत नाही. शॉकअप नेहमी एका अॅक्सलला जोडीने बदला. एक नवा, एक जुना असला की वळणावर आणि ब्रेकमध्ये दोन्ही चाकं वेगवेगळी वागतात.

गॅब्रिएल किंवा मोन्रोचे शॉकअप, राणेचे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड बेळगावात सहज मिळतात आणि चांगले चालतात. रबराच्या बाबतीत मात्र आमचं मत स्पष्ट आहे: मारुतीचं जेन्युइन मिळत असेल तर तेच घ्या. पैशांचा फरक थोडा, आयुष्याचा खूप. बिनानावाच्या पुड्यांतलं रबर नखाने दाबल्यावर एक तर दगडासारखं लागतं, नाही तर दाबलेली खूण तशीच राहते. दोन्ही परत करा. दुकानात आरसीची प्रत न्या, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पार्ट बदलले आहेत. शक्य असेल तर जुना पार्ट शेजारी ठेवून लांबी, डोळ्याचं भोक आणि ब्रेक पाइपचा ब्रॅकेट कुठे आहे ते जुळवा.

हत्यारं: १०, १२, १४, १७ आणि १९चे रिंग पाने आणि सॉकेट, लांब दांडा, एक किलोचा हातोडा, टॉमी, वायर ब्रश, बांधायची तार, ट्रॉली जॅक, निदान दोन टनी दोन घोड्या, चाकाखाली घालायला लाकडाचे गुटके. गाडीबरोबर मिळणारा जॅक पंक्चरपुरता आहे, या कामाला तो वापरू नका. टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. नसेल तर पर्याय पुढे दिला आहे.

गाडी उचलणं

या भागात घराच्या बाजूला जांभ्याचे चिरे पडलेले असतातच आणि मोह होतो की दोन चिरे रचून त्यावर गाडी टेकवावी. हे कधीही करू नका. जांभा भिंतीत सगळीकडून सारखा भार घेतो, पण एका बिंदूवर लोखंडाची कड टेकली की कसलीही सूचना न देता फुटतो. पावसात भिजलेला तर आणखी कच्चा होतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. घोडी नसेल तर त्या दिवशी काम करू नका.

अंगण मातीचं असेल तर जॅक आणि घोडीखाली किमान दीड इंच जाडीची, फूटभर रुंद फळी घाला. खानापूरकडची लाल माती पावसात मऊ पडते आणि चिकोडी-अथणीकडची काळी माती वरून कोरडी दिसली तरी खाली ओली असते. घोडीचा एक पाय हळूहळू रुतला की गाडी कलते आणि हे लक्षात येईपर्यंत उशीर होतो. जागा उताराची नको.

पुढचा भाग उचलताना हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. मागचा भाग उचलताना हँडब्रेकचा उपयोग नाही, कारण तो मागच्याच चाकांना लागतो. तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढची चाकं अडवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करून घ्या. घोडी लावल्यावर गाडी हाताने जोराने हलवून बघा, मगच खाली हात घाला. काढलेलं चाक गाडीच्या खाली सरकवून ठेवा. काही चुकलंच तर गाडी चाकावर टेकेल.

गंजलेले नट

निम्मा वेळ इथे जातो, म्हणून आदल्या दिवशीच सुरुवात करा. नटाबाहेर आलेले आटे वायर ब्रशने चकचकीत करा, नाही तर सुटणारा नट त्या मातीतच जाम होतो. मग गंज सोडवायचा स्प्रे मारा, संध्याकाळी एकदा, सकाळी पुन्हा. स्प्रे रबरावर उडू देऊ नका. जे रबर राहणार आहे त्यावर आधी चिंधी गुंडाळा. डोकं गोल झालेल्या नटाशी पान्याने झटापट करू नका. सहा कोनी सॉकेट ठोकून बसवा. बारा कोनी सॉकेट कोपरे खातो. बोल्ट तुटलाच तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कोणत्याही लेथवाल्याकडे तो काढून मिळेल, पण तोवर गाडी जागची हलणार नाही. म्हणून हे काम रविवारी सकाळी सुरू करून सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचा बेत करू नका. मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

पुढचा स्ट्रट

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बाजू नमुन्याला राहते. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

ब्रेकच्या पाइपची क्लिप स्ट्रटवरच्या ब्रॅकेटमधून काढा. पाइप नुसता मोकळा करायचा आहे, ब्रेक ऑइल सोडायची गरज पडू नये. स्ट्रट खाली नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागाला) दोन बोल्टने धरलेला असतो. सोडवण्याआधी या जोडाभोवती पातळ रंगाची रेघ ओढा. बोल्टच्या भोकात थोडी मोकळीक असते आणि नवा स्ट्रट बसवताना नकल जरा जरी आत-बाहेर झाला तरी चाकाचा कल बदलतो. बोल्ट स्थिर धरून नट फिरवा.

बोल्ट काढताच नकल बाहेर कलंडतो. तो हाताने धरा आणि तारेने वर बांधा. तसाच सोडला तर दोन नुकसानं होतात: ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्ट ओढला जाऊन आतला जॉइंट जागेवरून सुटतो. दुसरं झालं तर गिअर ऑइल गळतं आणि काम दुप्पट होतं. आता बॉनेटखाली माउंटिंगचे बाजूचे नट काढा. शेवटचा नट काढताना खालून स्ट्रट धरायला माणूस हवा.

मधला नट इथे उघडू नका, अर्धा आटासुद्धा नाही. स्ट्रट मोकळा दिसला तरी स्प्रिंग आत दाबलेलीच असते आणि ती त्या एका नटावर थांबलेली असते. तो सुटला तर माउंटिंग तोफेच्या गोळ्यासारखं उडतं. तारेने किंवा दोरीने स्प्रिंग बांधून नट उघडायची पद्धत काही ठिकाणी दिसते. तिने माणसं जखमी होतात. स्प्रिंग कंप्रेसर नसेल तर जुना आणि नवा असे दोन्ही स्ट्रट पिशवीत घालून ओळखीच्या गॅरेजमध्ये न्या आणि जुन्यावरची स्प्रिंग नव्यावर चढवून आणा. एवढंच काम बाहेर करून घेण्यात काही कमीपणा नाही.

कंप्रेसर असेल तर दोन्ही आकडे समोरासमोर लावा, शक्य तितकी जास्त वेटोळी पकडा, आट्यांना ग्रीस लावा आणि आलटून पालटून तीन-चार फेरे द्या. एकीकडे जास्त पिळलं की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा निसटतो. हवेची गन वापरू नका. स्ट्रटचं टोक स्वतःकडे किंवा समोरच्या माणसाकडे नको. वरची बैठक हाताने सहज फिरू लागली की थांबा, त्यापेक्षा जास्त दाबायची गरज नसते. मगच मधला नट काढा.

नवा स्ट्रट बसवण्याआधी उभा धरून दांडा पूर्ण आत, पूर्ण बाहेर असा चार-पाच वेळा चालवा. दुकानात आडवा पडलेल्या शॉकअपमध्ये तेलाच्या जागी हवा शिरलेली असते. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत मोकळा झोल लागेल, नंतर तो जायला हवा. गेला नाही तर पार्ट खराब आहे. गॅस भरलेला असेल तर दांडा आपोआप बाहेर येतो, तोही तसाच चालवा.

दांडा पक्कडीत धरून नट पिळणं ही सगळ्यात महाग चूक. चकचकीत दांड्यावर पक्कडीचा दात उठला की तो ओरखडा प्रत्येक खड्ड्यात सीलला कापत राहतो आणि नवा शॉकअप एका पावसाळ्यात गळू लागतो. दांड्याच्या टोकाला धरायला चपटी किंवा सहा कोनी खाच असते, तिथेच धरा.

स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. बोटभरही अंतर राहिलं तर पहिल्या खड्ड्यात स्प्रिंग जोरात सरकून बसेल आणि दोन बाजूंची उंची वेगळी होईल. जुना बंप स्टॉपर हातात घेऊन दाबून बघा, बहुतेकदा तो चुरा होऊन पडतो. धूळ-रबर फाटलं असेल तर तेही आताच बदला. फाटक्या धूळ-रबरातून आत गेलेली लाल मातीच दांडा घासून शॉकअप मारते.

लोअर आर्म

स्टॅबिलायझर बारच्या टोकाचा नट, आर्मच्या आतल्या बाजूचा बुशचा बोल्ट आणि बॉल जॉइंटचा आवळ बोल्ट (जॉइंटचा दांडा नकलमध्ये आवळून धरणारा), असे तीन जोड. आवळ बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो बॉल जॉइंटच्या दांड्यावरच्या खाचेतून जातो. हे माहीत नसलेला माणूस तासभर ठोकत बसतो. बोल्ट काढल्यावर नकलच्या फटीत टॉमी घालून किंचित उघडा आणि आर्म खाली ओढा. बॉल जॉइंटच्या रबरावर किंवा दांड्यावर हातोडा मारू नका.

नुसता बुश बदलून जुना आर्म ठेवायचा असेल तर बुश प्रेसवरच दाबून घ्या. उद्यमबागेत हे काम कुठेही होतं. हातोड्याने ठोकलेल्या बुशची बाहेरची नळी चेपते आणि तो आर्ममध्ये फिरू लागतो. दाबताना रबराला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल नको, ते रबर फुगवतं. बॉल जॉइंटही जुना असेल तर पूर्ण आर्मच बदललेला परवडतो.

स्टॅबिलायझर बुशचे वायसर कसे उलटे-सुलटे होते ते फोटोत बघा. वाटीसारखा भाग रबराकडे असतो की बाहेर, यात चूक झाली की बुश कडेला कापला जातो.

बाजारात लाल-पिवळे पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. स्टॅबिलायझर बारला ते चालतात. लोअर आर्मला आणि मागच्या ट्रेलिंग आर्मला (अॅक्सलला पुढे-मागे धरणाऱ्या दांड्याला) आम्ही ते सुचवणार नाही. तिथे बुशला पीळ आणि कल दोन्ही सोसावं लागतं, ते मऊ रबरच सोसतं. शिवाय चिखल आत गेला की हे कडक बुश कुरकुरतात आणि पुन्हा पुन्हा ग्रीस मागतात.

मागची बाजू

पुढच्या मानाने सोपी. गाडी घोडीवर, आणि अॅक्सलच्या खाली जॅक. हा जॅक गाडी उचलायला नाही, अॅक्सलला आधार द्यायला आहे. शॉकअपच अॅक्सलला फार खाली जाण्यापासून रोखत असतो. आधार न देता शॉकअप काढला तर अॅक्सल लोंबतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि स्प्रिंग निखळून पडू शकते. एका बाजूचा शॉकअप पूर्ण बसल्याशिवाय दुसरीकडे हात लावू नका. वरचा नट काही गाड्यांत खालून लागतो, काहींत डिकीच्या आतला पत्रा किंवा झाकण काढून. दांडा नटाबरोबर फिरत असेल तर इथेही पक्कड नको. नव्या शॉकअपला खालच्या बोल्टशी जुळवायला जॅक थोडा वर-खाली करा, टॉमीने ओढाताण करू नका.

ओम्नीला मागे पाटे आहेत. तिथे शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचे) बुश आणि मधली पिन बघा. पाट्यांच्या मध्ये गंजाची पूड साचली असेल तर पाटे सुटे करून साफ करून घ्या, तुटलेला पाटा बहुतेकदा मधल्या भोकातच चिरतो. यू-बोल्ट नवे बसवले तर शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेच लागतात, कारण पाटे एकमेकांवर दबून बसतात.

बोल्ट कधी आणि किती पिळायचे

रबरी बुशमध्ये आतली लोखंडी नळी आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये रबर चिकटवलेलं असतं. बोल्ट पिळला की आतली नळी गाडीला घट्ट होते, बाहेरची आर्मबरोबर हलते आणि मधलं रबर पिळवटून दोन्हीकडची हालचाल सोसतं. गाडी जॅकवर असताना आर्म खाली लोंबलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट पिळला तर तीच रबराची विश्रांतीची जागा होते. गाडी खाली उतरली की रबर कायम पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. त्यावर खड्ड्यांचा पीळ वेगळा. असं रबर फाटणारच. गाडी सुरुवातीला थोडी उंच आणि कडकही वाटते, आणि लोक त्याला नव्या शॉकअपचा गुण समजतात.

म्हणून लोअर आर्मच्या आतला बोल्ट, ट्रेलिंग आर्मचे बोल्ट, लॅटरल रॉडचे (अॅक्सलला आडवं धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट, मागच्या शॉकअपच्या डोळ्यांचे बोल्ट आणि ओम्नीच्या शॅकलचे नट आधी फक्त टेकेपर्यंत फिरवा. मग घोडी तशीच ठेवून जॅक त्या चाकाच्या हबखाली किंवा आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लावा आणि हळू उचला. तो कागद काढा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर आधी मोजलेल्या अंतराइतकं झालं की थांबा आणि आता बोल्ट पूर्ण पिळा. स्प्रिंग बसलेली होती म्हणून नवी घातली असेल तर चांगल्या बाजूचं अंतर धरा. गाडी घोडीवरून अलगद उचलली जात असेल तर तेवढ्यावरच थांबा.

स्ट्रट आणि नकलचे बोल्ट, बॉल जॉइंटचा आवळ बोल्ट, माउंटिंगचे नट यांना रबराचा पीळ नसतो, ते आधीच पिळले तरी चालतात.

किती पिळायचं याचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तर तोच धरा. नसेल तर ८.८ ग्रेडच्या बोल्टसाठी साधारण माप असं: आठ मिलिमीटरच्या बोल्टला २५ न्यूटन मीटर, दहाच्याला ५०, बाराच्याला ८५. हे बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतं, पान्याचा नंबर नव्हे. टॉर्क पाना नसेल तर धान्य किंवा भाजी तोलायचा आकड्याचा लोंबता वजनकाटा वापरा. नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर दांड्याला काटा अडकवा आणि दांड्याला काटकोनात ओढा. आठ मिमीला ५ किलो, दहाला १० किलो, बाराला १७ किलो दिसलं की पुरे. अंदाजाने अंगाचा सगळा जोर लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं. माउंटिंगचे बारीक नट अतिपिळून तोडणारे आणि नकलचे बोल्ट ढिले सोडणारे हात बहुतेकदा एकाच माणसाचे असतात. आट्यांना तेल-ग्रीस लावून पिळलं तर त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून आटे साफ आणि कोरडे ठेवा.

बफर, जाड स्प्रिंग आणि खाली बसवलेल्या गाड्या

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी बफर सगळीकडे मिळतात आणि गाडी थोडी उंच होते म्हणून लोक ते घालतात. बफर ज्या वेटोळ्यांत बसतो ती वेटोळी काम करणं बंद करतात, उरलेल्यांवर ताण येतो आणि प्रत्येक धक्का वरच्या माउंटिंगला जास्त लागतो. बसलेल्या स्प्रिंगवर बफर हा उपाय नाही, नवी स्प्रिंग हाच आहे. मागे नेहमी चार पोती घालणाऱ्याने फक्त मागे बफर घातले तर समजू शकतं, पण पुढे घालू नका.

जाड तारेची कडक स्प्रिंग घालताना जुन्याच मापाचा शॉकअप ठेवला तर तो तिची उसळी आवरू शकत नाही. तवंदी घाटासारख्या उताराच्या वळणावर गाडी डोलते ती यामुळे. उलट गाडी खाली बसवली की शॉकअप सारखा बंप स्टॉपरवर आपटतो. इथल्या रस्त्यांवर आणि प्रत्येक गावच्या स्पीड ब्रेकरवर ते परवडत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला बंदी आहे. त्याच मापाचे बदली शॉकअप आणि बुश यांना अडचण नाही, पण उंची बदलणारे ठोकळे पंधरा वर्षांनंतरच्या फिटनेस तपासणीत आणि विम्याच्या दाव्यात आडवे येऊ शकतात.

काम झाल्यावर

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने पिळा. ब्रेकचा पाइप क्लिपमध्ये बसलाय ना, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवल्यावर तो टायरला घासत नाही ना, हे बघा. ब्रेक चार-पाच वेळा दाबा आणि मगच गाडी हलवा.

अलाइनमेंट टाळू नका. स्ट्रट किंवा आर्म बदलल्यावर चाकांची दिशा बदलतेच आणि नवे टायर दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये कडेने खाल्ले जातात. अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्याआधी घरी ढोबळ तपासता येतं: हबच्या उंचीवर दोन्ही पुढच्या टायरच्या पुढच्या कडांतलं आणि मागच्या कडांतलं अंतर मोजा. दोन्हींत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी हळू न्या.

मग बेळगाव-खानापूर जाऊन येण्याइतकं, पन्नासेक किलोमीटर चालवा आणि सगळे नट पुन्हा त्याच मापाने तपासा. चाकाचे नट सगळ्यांत आधी. चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा मोजून कागदाशी ताडून बघा. शॉकअपवर पहिल्या दिवसांत तेलाची बारीक ओल दिसली तर पुसा आणि आठवड्याने बघा. पुन्हा ओघळ असेल तर बिल घेऊन दुकानात जा. जुने गॅसचे शॉकअप भंगारात देताना तसेच द्या, कापू किंवा जाळू नका.

पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला गाडी दिली की खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारून देतात. नवं रबर बसवलेल्या गाडीला ते मारू देऊ नका. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. चिखल साध्या पाण्याने धुवा, आणि पाण्याचा जोरदार फवारा बॉल जॉइंटच्या रबरावर जवळून धरू नका.